बडनेऱ्याचा स्काउट मास्टर आणि दिल्लीचं मुख्यालय: मधला रस्ता कसा चालतो?

शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी खाकी किंवा निळ्या गणवेशातली मुलं गाठी मारायला शिकत असतात. त्यांच्यासमोर उभे असलेले सर एरवी गणित किंवा मराठी शिकवतात. स्काउट मास्टर म्हणून त्यांना वेगळा पगार नसतो. गाइड पथकाच्या कॅप्टन मॅडमनाही नसतो. 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही देशव्यापी संघटना अशा शिक्षकांच्या आणि इतर प्रौढ स्वयंसेवकांच्या जोरावर चालते.

स्वयंसेवक हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर मुलं येतात, पण स्काउटिंगमध्ये मुलं सदस्य असतात. स्वयंसेवक म्हणजे त्यांना चालवणारी मोठी माणसं. ही माणसं गावोगावी एकेकटी काम करतात. त्यांना शिकवणं, अधिकृत मान्यता देणं, त्यांच्या मुलांच्या परीक्षा वेळेवर घेणं आणि कागद वरपर्यंत पोहोचवणं, हे काम संघटनेच्या थोड्या पगारी कर्मचाऱ्यांकडे असतं. बडनेऱ्यासारख्या गावातून पाहिलं की ही व्यवस्था चांगली कळते, कारण इथून दिल्लीला जाणारा रस्ता एक नाही.

एकाच गावातून तीन रस्ते

बडनेरा अमरावती महापालिकेच्या हद्दीत येतं. त्यामुळे नव्या किंवा जुन्या वस्तीतल्या एखाद्या शाळेनं पथक सुरू केलं तर ते अमरावती जिल्हा संस्थेत नोंदवलं जातं. तिथून ते महाराष्ट्र राज्य संस्थेकडे आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय मुख्यालयाकडे जातं. हा नेहमीचा रस्ता.

दुसरा रस्ता रुळांवरून जातो. बडनेरा हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातलं जंक्शन आहे. या संघटनेत प्रत्येक विभागीय रेल्वेला स्वतंत्र 'राज्य' मानतात आणि तिच्या खालच्या विभागाला 'जिल्हा'. म्हणजे रेल्वे वसाहतीतलं, रेल्वे कर्मचाऱ्यांनी चालवलेलं पथक असेल तर त्याचा जिल्हा अमरावती नसतो, भुसावळ असतो. त्याचं राज्यही महाराष्ट्र नसून मध्य रेल्वे असतं. नकाशात हे राज्य सापडणार नाही, पण जांबोरीत त्याचा तंबू आणि फलक वेगळा असतो.

तिसरा रस्ता केंद्रीय शाळांचा. केंद्रीय विद्यालय संघटन आणि नवोदय विद्यालय समिती यांनाही राज्याचा दर्जा आहे. अमरावतीच्या केंद्रीय विद्यालयात शिकणारं बडनेऱ्याचं मूल या तिसऱ्या वाटेनं जातं. एकाच गल्लीतली तीन मुलं एकाच अभ्यासक्रमाची परीक्षा देतात, पण त्यांचे अर्ज तीन वेगवेगळ्या कार्यालयांतून फिरतात. त्यामुळे नव्या स्काउट मास्टरनं सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न असा: आपला जिल्हा कोणता?

पगारी कोण, मानद कोण?

संघटनेत दोन रांगा समांतर चालतात. आयुक्तांची रांग बहुतेक मानद असते. राष्ट्रीय मुख्य आयुक्तापासून जिल्हा मुख्य आयुक्तापर्यंतची माणसं स्वतःची नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून, पगार न घेता हे पद सांभाळतात. जिल्ह्यात ते पद अनेकदा शिक्षण किंवा प्रशासनातल्या अधिकाऱ्याकडे असतं. रेल्वेत विभागातला वरिष्ठ अधिकारी ते सांभाळतो.

दुसरी रांग पगारी कर्मचाऱ्यांची. दिल्लीत संचालक, त्यांच्या हाताखाली स्काउट आणि गाइड शाखांचे अधिकारी, देशाच्या वेगवेगळ्या विभागांसाठी नेमलेले अधिकारी, प्रशिक्षण केंद्रातले कर्मचारी. राज्यात राज्य संघटन आयुक्त. जिल्ह्यात जिल्हा संघटक, आणि महाराष्ट्रात स्काउटसाठी एक आणि गाइडसाठी एक अशी ही पदं वेगळी असतात.

बडनेऱ्याच्या शिक्षकाच्या दृष्टीनं या सगळ्यांत महत्त्वाचा माणूस दिल्लीतला नाही. तो जिल्हा संघटक आहे. अर्ज कुठे मिळेल, बेसिक कोर्स कधी आहे, तृतीय सोपानच्या परीक्षेला किती मुलं पाठवायची, गणवेशाचा कपडा कोणता चालेल, असल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे असतात. मुख्यालय परिपत्रक काढतं. ते परिपत्रक शाळेतल्या माणसाला समजेल अशा भाषेत फोनवर सांगण्याचं काम जिल्हा संघटक करतो. आता त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप असतात, पण ग्रुपवर टाकलेली पीडीएफ आणि समजावून सांगितलेली गोष्ट यांत फरक आहेच.

एका जिल्ह्यात शेकडो शाळा असतात. हे पद रिकामं राहिलं किंवा एकाच माणसाकडे दोन जिल्हे आले, की पहिला फटका पथकांना बसतो. मानद आयुक्त सभेला येऊ शकतात, पण रोजची फाईल हलवणं त्यांच्याकडून होत नाही. तशी अपेक्षाही नसते.

नागपूरचा धागा

आजची संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी उभी राहिली. त्याआधी देशात स्काउटिंगचे वेगवेगळे प्रवाह होते. 1909 पासून इथे सुरू झालेली ब्रिटिश धाटणीची पथकं आधी भारतीय मुलांना घेत नसत. म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासला 1916 मध्ये भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काउट संघटना उभारली. मुलींचं गाइडिंग 1911 मध्ये जबलपूरला सुरू झालं.

स्वातंत्र्यानंतर हे प्रवाह एकत्र आणायचं ठरलं. पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांच्याबरोबर ज्यांनी त्यासाठी प्रयत्न केले त्यांत दोन नावं वऱ्हाडाच्या जवळची आहेत. मंगलदास पकवासा हे तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचे राज्यपाल होते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयातले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायाधीश. बोस न्यायदानासाठी जितके ओळखले जातात तितकेच स्काउटिंगसाठीही ओळखले जायला हवेत. ते या चळवळीच्या राष्ट्रीय नेतृत्वात होते. मुलांच्या संघटना विलीन झाल्यावर 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाइड्सही त्यात आल्या.

नावात 'स्काउट' असलेल्या इतर संस्थाही देशात आहेत. मुलांच्या आणि मुलींच्या अशा दोन्ही जागतिक संघटनांचं सदस्यत्व मात्र भारत स्काउट्स आणि गाइड्सकडे आहे. प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या अर्जाला जोडायचं असेल तर ते कोणत्या संस्थेचं आहे हे आधीच पाहून घेतलेलं बरं.

पहिली मदत: माणूस घडवणं

मुख्यालय स्वयंसेवकाला जे देतं त्यात सगळ्यात भक्कम गोष्ट प्रशिक्षण आहे. तिची शिडी ठरलेली आहे. आधी सात दिवसांचा बेसिक कोर्स. तो झाला की शिक्षक पथक चालवायला लागतो. मग ॲडव्हान्स कोर्स. त्यानंतर काही काळ पथकात प्रत्यक्ष काम करून, दिलेला स्वाध्याय पुरा करून हिमालय वुड बॅज कोर्स. तो पार केला की गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी येतात. पुढे प्रशिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्यांची वेगळी पायरी आहे. सहायक लीडर ट्रेनरला तीन मणी, लीडर ट्रेनरला चार. या मण्यांचा उगम संस्थापक बेडन-पॉवेल यांच्याकडे असलेल्या झुलू राजा दिनुझुलू यांच्या माळेशी जोडला जातो. इंग्लंडमधल्या गिलवेल पार्क इथे 1919 मध्ये पहिला असा कोर्स झाला, तेव्हापासून ही पद्धत जगभर आहे.

हे कोर्स शामियान्यात खुर्च्या मांडून होत नाहीत. शिक्षकांनाच सहा ते आठ जणांच्या संघात विभागतात. एकाला संघनायक करतात. त्यांनी तंबू ठोकायचा, चूल पेटवायची, भांडी घासायची, रात्री शेकोटीवर काहीतरी सादर करायचं. पन्नाशीतले मुख्याध्यापकही पहाटे तंबूबाहेर बूट ओळीत लावतात आणि तपासणीची वाट पाहत उभे राहतात. मुलांना जे करायला सांगायचं ते आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचं, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. शाळांमध्ये होणाऱ्या इतर अनेक प्रशिक्षणांपेक्षा हे वेगळं पडतं ते इथेच.

राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. वऱ्हाडातल्या माणसाला पचमढी माहीत असते ती महादेवाच्या आणि नागद्वारच्या यात्रेमुळे. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या काळात हे सरकारचं उन्हाळी ठाणंही होतं. त्याच सातपुड्यात हे केंद्र 1950च्या दशकापासून आहे. देशभरातले स्वयंसेवक वरच्या पातळीच्या कोर्ससाठी तिथे जातात. बडनेऱ्याच्या माणसाचं नशीब असं की आसाम किंवा केरळच्या स्वयंसेवकाला जे ठिकाण दोन-तीन दिवसांच्या प्रवासावर आहे, ते त्याला सातपुडा ओलांडला की गाठता येतं. पचमढीचं जवळचं रेल्वे स्थानक पिपरिया.

प्रवासाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. स्काउटिंगच्या कामासाठी प्रवास करणाऱ्यांना रेल्वेच्या भाड्यात सवलत असे. त्यासाठी संघटनेच्या कार्यालयाकडून कागद घ्यावा लागे. कार्यालयानं स्वयंसेवकाला दिलेली ही अगदी हातात धरता येईल अशी मदत होती. मार्च 2020 मध्ये रेल्वेनं बहुतेक प्रकारच्या सवलती थांबवल्या आणि दिव्यांग, रुग्ण, विद्यार्थी अशा मोजक्याच गटांच्या चालू ठेवल्या. स्काउट मास्टर यांपैकी कशातच बसत नाही. कोर्सचं शुल्क, गणवेश आणि तिकीट यांतलं बरंच काही पुष्कळदा त्याच्याच खिशातून जातं.

दुसरी मदत: अधिकारपत्र आणि नियम

प्रशिक्षण झालं की स्वयंसेवकाला वॉरंट, म्हणजे नेमणुकीचं अधिकारपत्र, मिळतं. कागद छोटा असला तरी त्याचं काम मोठं आहे. दुसऱ्यांची मुलं रात्री शाळेबाहेर, तंबूत मुक्कामाला नेणाऱ्या माणसाला कोणीतरी तपासलेलं असणं गरजेचं असतं. गाइड पथकाला महिला प्रमुख हवीच, हा नियमही याच कारणानं आहे. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागतिक स्काउट संघटनेचं 'सेफ फ्रॉम हार्म' या नावाचं धोरण आहे. मोठ्या माणसांनी मुलांशी कसं वागावं, कोणती मर्यादा ओलांडू नये, तक्रार आली तर काय करावं, हे त्यात येतं.

संघटनेची स्वतःची नियमावलीही आहे. कोणत्या वयाचं मूल कोणत्या शाखेत, पथकात किती मुलं, कोणत्या पायरीवर काय शिकायचं, बॅज बाहीवर कुठे लावायचा, इथपर्यंत सगळं त्यात आहे. नव्या माणसाला ती कटकट वाटते. पण गावात एकट्यानं काम करणाऱ्याला हीच नियमावली आधार देते. मुख्याध्यापकांनी 'एवढी मुलं एकाच पथकात घाला' म्हटलं तर त्याला नियम दाखवता येतो.

नोंदणी आता ऑनलाइन आहे. पथक, प्रमुख आणि मुलं यांची नोंद संघटनेच्या संगणक प्रणालीत होते आणि प्रत्येकाला एक ओळख क्रमांक मिळतो. ही नोंद दरवर्षी शुल्क भरून नवी करावी लागते. एक वर्ष राहून गेलं तर त्या वर्षीचं काम कागदावर दिसत नाही, मग मैदानावर ते कितीही झालेलं असो.

वेळ चुकली तर काय बिघडतं?

सगळ्यात मोठा प्रश्न इथे आहे. मुलांची शिडी अशी: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. सुरुवातीच्या परीक्षा पथकात आणि स्थानिक पातळीवर होतात. तृतीय सोपानची चाचणी जिल्हा घेतो, राज्य पुरस्काराची राज्य आणि राष्ट्रपती पुरस्काराची राष्ट्रीय मुख्यालय. दोन पायऱ्यांमध्ये काही महिन्यांचं किमान अंतर ठेवावंच लागतं. ते उडी मारून भरून काढता येत नाही.

आता शाळेचं गणित बघा. मूल पाचवी-सहावीत पथकात आलं आणि सगळं वेळेवर झालं तर दहावीच्या आधी राज्य पुरस्कारापर्यंत पोहोचतं, चिकाटी असेल तर त्यापुढेही जातं. पण बरीच मुलं आठवीत सुरुवात करतात. त्यांच्याकडे हाताशी दोन-अडीच वर्षं असतात. त्यात एक चाचणी शिबिर पुढे ढकललं गेलं, एका वर्षाची नोंदणी राहिली किंवा एक अर्ज टेबलावर पडून राहिला, तर ते मूल दहावी होऊन शाळेतून बाहेर पडतं आणि शिडी अर्धीच राहते. यात चूक मुलाची नसते, बहुतेक वेळा स्काउट मास्टरचीही नसते. पण मुलाचे आईवडील शाळेच्या दारात येऊन विचारतात ते त्याच सरांना.

नुकसान फक्त बॅजचं नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत स्काउट-गाइडच्या वरच्या पुरस्कारांना सवलतीचे गुण मिळतात. रेल्वेत तर स्काउट्स आणि गाइड्स कोट्यातून भरती होते. त्या जाहिराती उमेदवाराकडे राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज मागतात. शिवाय तो काही वर्षं सक्रिय असल्याचा आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरच्या कार्यक्रमांत भाग घेतल्याचा पुरावाही लागतो. जागा मोजक्याच असतात. बडनेऱ्यासारख्या रेल्वेवर वाढलेल्या गावात या ओळीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. एका संघटकानं वेळेत पाठवलेली यादी आठ-दहा वर्षांनी कोणाच्या तरी नोकरीच्या अर्जाला जोडली जाते.

पैसा कुठून येतो?

थोडा सरकारी अनुदानातून, थोडा नोंदणी शुल्कातून आणि थोडा मुलांच्या कष्टातून. महाराष्ट्रातल्या शाळांत 'खरी कमाई' हा शब्द अनेक पिढ्यांना आठवतो. मुलं ओळखीच्या घरी किंवा दुकानात जाऊन छोटं काम करतात, कार्डावर नोंद करून घेतात आणि मिळालेले पैसे जमा करतात. काही शाळा त्याऐवजी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावून आनंदमेळावा भरवतात. जमलेल्या रकमेतला वाटा पथकाकडे राहतो, ठरलेला भाग वर जातो. 7 नोव्हेंबरच्या सुमाराला ध्वजदिनाची तिकिटं विकली जातात तीही याच हिशेबात.

मूळ कल्पना भीक न मागता कमावण्याची आहे. काही ठिकाणी कार्डांचा कोटा ठरवून दिला जातो आणि मूल थेट वडिलांकडून पैसे घेऊन कार्ड भरून आणतं. मग त्यात खरी कमाई काय उरली, हा पालकांचा प्रश्न चुकीचा नाही. मुख्यालयाचे नियम काम करून पैसे मिळवायला सांगतात. कोट्याचा दबाव खालच्या पातळीवर तयार होतो, आणि तो पेलायचं किंवा नाकारायचं ते पुन्हा स्काउट मास्टरलाच.

मोठ्या मेळाव्यांत कार्यालय काय करतं?

राष्ट्रीय जांबोरी हा मुख्यालयाच्या कामाचा सगळ्यांना दिसणारा भाग. जानेवारी 2023 मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यात रोहट इथे अठरावी राष्ट्रीय जांबोरी झाली आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचं उद्घाटन केलं. 2025च्या जानेवारीअखेरीस तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हीरक महोत्सवी जांबोरी भरली. हजारो मुलांच्या राहण्याची जागा, पाणी, शौचालयं, दवाखाना, कार्यक्रमांचं वेळापत्रक हे सगळं कार्यालयाला आधी महिनोन्‌महिने बसून लावावं लागतं. शिबिर सुरू झालं की ते चालवणारे पुन्हा स्वयंसेवकच असतात.

बडनेऱ्यातून अशा जांबोरीला दोन-चार मुलं पाठवायची तर स्काउट मास्टरची यादी वेगळीच असते: पालकांची संमतीपत्रं, वैद्यकीय दाखले, शाळेची परवानगी, तिकिटं, राज्याच्या तुकडीत नाव लागलं की नाही याची खात्री. ही यादी दिल्लीहून येत नाही. ती जिल्हा कार्यालयात, आधी जाऊन आलेल्या दुसऱ्या एखाद्या स्काउट मास्टरकडून मिळते.

नव्यानं पथक सुरू करू पाहणाऱ्या शिक्षकासाठी क्रम सोपा आहे. मुख्याध्यापकांची संमती घेऊन जिल्हा संघटकाला भेटायचं. पुढचा बेसिक कोर्स कधी आहे ते विचारून त्यात नाव द्यायचं. रेल्वे कर्मचारी असाल तर अमरावतीऐवजी भुसावळच्या विभागीय संस्थेशी बोलायचं. कोर्स होईपर्यंत मुलांना जमवायला हरकत नाही, पण मुक्कामी शिबिर प्रशिक्षण आणि अधिकारपत्र हातात आल्यावरच. आणि मुलं शक्यतो पाचवी-सहावीतली घ्यायची, कारण नववीतल्या मुलासाठी घड्याळ तोवर बरंच पुढे गेलेलं असतं.